फर्स्ट मिनेसोटा: 1,242, 330 की 262? पलटणीच्या नोंदीतले आकडे का जुळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकी यादवी युद्धातल्या (1861–65, उत्तर विरुद्ध दक्षिण) फर्स्ट मिनेसोटा या उत्तरेच्या पायदळ पलटणीची सेवानोंद वाचायला घेतली की आकडे एकमेकांशी भांडायला लागतात. एकूण माणसं 1,242. गेटिसबर्गच्या लढाईत (जुलै 1863) हजर माणसं एका ठिकाणी 262, दुसऱ्या ठिकाणी 330. तिथला तोटा, म्हणजे ठार, जखमी आणि बेपत्ता, कुठे 215, कुठे 224. टक्केवारी 82 की 68? शिवाय पलटण एप्रिल 1864 मध्ये मोडली म्हणतात, मग त्यानंतरच्या पीटर्सबर्गच्या वेढ्यात तिचं नाव कुठून आलं?

हे सगळे आकडे एकाच मस्टरचे नाहीत, एवढंच खरं कारण आहे. रोजगार हमीच्या कामावर मस्टरला नाव असलेली माणसं आणि त्या दिवशी खरोखर माती उचलणारी माणसं यांत फरक असतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पलटणीचंही तसंच. तिची सेवानोंद म्हणजे मुळात हजेरीची नोंद. कोण नावाला होतं, कोण छावणीत होतं आणि गोळी सुटली तेव्हा रांगेत कोण होतं, हे तीन आकडे वेगळे काढले की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी 'रेजिमेंट' या शब्दाचं

आपल्याकडे रेजिमेंट म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्री आठवते. बेळगावला सेंटर, तिथेच भरती आणि प्रशिक्षण, खाली अनेक बटालियन, आणि त्यातली जंगी पलटण तर 1768 पासून चालत आलेली. माणसं निवृत्त होतात, पलटण राहते. यादवी युद्धातली स्वयंसेवक रेजिमेंट अशी नव्हती. ती बहुतेक वेळा एकच बटालियन असे, राज्याने उभी केलेली, ठरावीक मुदतीची. मुदत भरली की सगळे घरी. म्हणून तिला 'पलटण' म्हणणंच बरं. रेजिमेंट म्हटलं की नको ते चित्र डोळ्यांपुढे येतं.

तिच्यात दहा कंपन्या, ए पासून के पर्यंत. मधलं 'जे' नाही, कारण हाताने लिहिताना 'आय' आणि 'जे' सारखेच दिसत. कंपनीत एक कॅप्टन, दोन लेफ्टनंट, एक फर्स्ट सार्जंट, चार सार्जंट, आठ कॉर्पोरल, दोन वादक, एक गाडीवान आणि 64 ते 82 शिपाई, म्हणजे 83 ते 101 माणसं. दहा कंपन्या, वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर, अॅड्ज्युटंट, क्वार्टरमास्टर, डॉक्टर आणि पाद्री धरून कागदावर हजाराच्या आसपास आकडा जाई.

हा आकडा पलटणीने फक्त पहिल्या दिवशी पाहिलेला असतो. पुढे तो उतरतच जातो, आणि त्याला कारण आहे. जुन्या पलटणीत नवी माणसं भरण्यापेक्षा नवी पलटण उभी करणं राज्याच्या गव्हर्नरला सोयीचं पडे, कारण नव्या पलटणीत कर्नलपासून लेफ्टनंटपर्यंत नेमणुका त्याच्या हातात. विस्कॉन्सिनसारखी राज्यं जुन्या पलटणी भरत राहिली, पण ते अपवाद. परिणाम असा की दोन वर्षं लढलेली पलटण तीनशे माणसांवर येई आणि शेजारी कालच आलेली पलटण आठशेची असे. नकाशावर दोन्ही सारख्याच चौकोनांनी दाखवलेल्या असतात. त्या चौकोनांवर विश्वास ठेवू नका.

फर्स्ट मिनेसोटाचे 1,242 म्हणजे तीन वर्षांत ज्याचं ज्याचं नाव मस्टरवर चढलं तो. त्यातले इतके जण एका दिवशी कधीच एका रांगेत उभे राहिले नाहीत.

दाखल झाल्याची तारीख दोनदा का

14 एप्रिल 1861 ला फोर्ट सम्टर हा किल्ला दक्षिणेच्या हाती पडल्याची (युद्धाची सुरुवात हीच) बातमी आली तेव्हा मिनेसोटाचा गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्झी वॉशिंग्टनमध्येच होता. त्याने युद्धमंत्री सायमन कॅमेरनकडे जाऊन हजार माणसं देऊ केली. माणसं देऊ करणारं हे पहिलं राज्य, आणि राज्य होऊन त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. 1860 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,72,023. पलटण फोर्ट स्नेलिंगला 29 एप्रिलला सेवेत दाखल झाली, पण तीन महिन्यांसाठी. मे महिन्यात वॉशिंग्टनहून निरोप आला की तीन वर्षांसाठी माणसं हवीत. मग तिथेच पुन्हा दाखला, म्हणजे सेवेत नोंद, झाला. काहींनी नकार दिला, त्यांना सोडण्यात आलं आणि त्यांच्या जागी दुसरे घेतले. म्हणून एखाद्या शिपायाच्या नोंदीत एप्रिल आणि मे अशा दोन तारखा दिसल्या तर ते दोन वेगळे शिपाई नाहीत. आणि एप्रिलच्या यादीतलं नाव मेच्या यादीत नसेल तर तो पळून गेला असं धरू नका.

याच तारखेवर पलटणीचा शेवट अवलंबून आहे. मुदत पहिल्या दाखल्यापासून धरली गेली, म्हणून एप्रिल 1864. त्यावर नंतर येतो.

मधल्या दीड महिन्यात काही कंपन्या सरहद्दीवरच्या फोर्ट रिजली, फोर्ट रिप्ली आणि फोर्ट अॅबरक्रॉम्बी या ठाण्यांवर कायमच्या सैन्याला मोकळं करायला पाठवल्या होत्या. त्यांना परत बोलावून 22 जूनला पलटण पूर्वेकडे निघाली. अंगावर राज्याने दिलेले लाल फ्लॅनेलचे शर्ट आणि काळ्या विजारी. कर्नल विलिस गोरमन.

'अमुक ब्रिगेड, तमुक डिव्हिजन' ही ओळ

सेवानोंदीत सगळ्यात रुक्ष दिसणारी ओळ हीच, आणि बहुतेक जण हीच गाळतात. काही पलटणी मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन, काही डिव्हिजन मिळून कोअर, अशी ती उतरंड. फर्स्ट मिनेसोटाची ओळ अशी: आधी फ्रँक्लिनची ब्रिगेड, हाइन्ट्झलमनची डिव्हिजन, मग गोरमनची ब्रिगेड, स्टोनची डिव्हिजन, मार्च 1862 पासून फेब्रुवारी 1864 पर्यंत पहिली ब्रिगेड, दुसरी डिव्हिजन, दुसरी कोअर, आर्मी ऑफ द पोटोमॅक (उत्तरेचं पूर्वेकडचं मुख्य सैन्य).

ही ओळ का महत्त्वाची, ते अँटिटमच्या लढाईवरून कळतं. 17 सप्टेंबर 1862, वेस्ट वूड्स. सेजविकची डिव्हिजन (वरच्या ओळीतली दुसरी डिव्हिजन) एकामागे एक अशा तीन रांगांत जंगलात शिरली. पुढच्या रांगेत गोरमनची ब्रिगेड, डावीकडून उजवीकडे: 34 वी न्यूयॉर्क (ती डावीकडे भरकटून वेगळी पडली), 15 वी मॅसॅच्युसेट्स, 82 वी न्यूयॉर्क आणि अगदी उजव्या टोकाला फर्स्ट मिनेसोटा. शत्रूचा हल्ला डाव्या बाजूने आणि मागून आला. पंधराव्या मॅसॅच्युसेट्सचे तीनशेहून अधिक लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. उजव्या टोकाच्या मिनेसोटाला वळायला वेळ मिळाला, ती पुष्कळ कमी तोट्यात आणि रांग न मोडता मागे आली. शौर्यात कुणी कमी-जास्त नव्हतं. रांगेतली जागा वेगळी होती. तोट्याचा आकडा पाहून पलटणीची लायकी ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण डोक्यात ठेवावं.

ब्रिगेडसुद्धा तशीच राहत नाही. गेटिसबर्गला तीच पहिली ब्रिगेड विल्यम हॅरोच्या हाताखाली होती आणि तिच्यात 19 वी मेन, 15 वी मॅसॅच्युसेट्स, फर्स्ट मिनेसोटा आणि 82 वी न्यूयॉर्क. 34 वी न्यूयॉर्क दोन वर्षांच्या मुदतीची होती, ती जून 1863 मध्ये घरी गेली. नंबर तोच, आतली माणसं वेगळी. 'पहिल्या ब्रिगेडने' असं वाक्य वाचलं की आधी तारीख पाहावी.

कर्नल का बदलत गेले तेही या नोंदीत दिसतं: गोरमन, नेपोलियन डेना, आल्फ्रेड सली हे तिघे एकामागून एक ब्रिगेडियर जनरल होऊन वर गेले, मग जॉर्ज मॉर्गन आणि मे 1863 पासून विल्यम कॉलव्हिल. म्हणजे हा माणूस गेटिसबर्गला गेला तेव्हा कर्नल होऊन दोनच महिने झाले होते.

गेटिसबर्गचा हिशेब

मधली वर्षं भरभर जातात. पहिल्या बुल रनला (21 जुलै 1861) हेन्री हाउस टेकडीवर रिकेट्सच्या तोफखान्याशेजारी पलटणीचे सुमारे 180 लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. हा आकडा प्रत्येक यादीत थोडा हलतो, कारण 'बेपत्ता' म्हणून लिहिलेले काही पुढे मेलेले निघाले, काही कैदेत. मग 1862 ची पेनिन्सुला मोहीम: यॉर्कटाउन, फेअर ओक्स, सॅव्हेज स्टेशन, ग्लेंडेल, मॅल्व्हर्न हिल. अँटिटम, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सलर्सव्हिल. या यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'लढली' असं समजू नका. नोंदीत लढाईचं नाव येतं कारण पलटण त्या मैदानावर होती. कधी ती राखीव असते, कधी माघार झाकत असते.

आता मूळ प्रश्न. 2 जुलै 1863 ची संध्याकाळ. सिकल्सची तिसरी कोअर (उत्तरेचीच) पीच ऑर्चर्डकडून मोडून मागे येत होती. तिच्यामागून दक्षिणेची विल्कॉक्सची अलाबामा ब्रिगेड, पाच पलटणी, सुमारे 1,700 माणसं, उत्तरेची फळी होती त्या सिमेटरी रिज या टेकाडाच्या रोखाने. त्या ठिकाणी रिजवर मोकळी फट. दुसऱ्या कोअरचा सेनापती हॅनकॉकने मागून कुमक मागवली होती, पण ती यायला काही मिनिटं लागणार होती. समोर होती ती फर्स्ट मिनेसोटाच, तीही पूर्ण नाही.

इथे थांबून कंपन्या मोजा. दहापैकी सी कंपनी डिव्हिजनच्या पहाऱ्याला, म्हणजे प्रोव्होस्ट गार्डला. एफ कंपनी थोड्याच वेळापूर्वी चकमकीसाठी बाजूला पाठवलेली. अकरावी एल कंपनी नेमबाजांची. ती मुळात मिनेसोटाच्या नेमबाजांची दुसरी कंपनी, 1862 मध्ये पलटणीला जोडलेली, आणि त्या दिवशी एका तोफखान्याच्या पाठीशी उभी. उरल्या आठ: ए, बी, डी, ई, जी, एच, आय, के. गेटिसबर्गच्या स्मारकावर कोरलेला 262 हा आकडा या आठ कंपन्यांचा आहे.

262 माणसांची रांग किती लांब? त्या काळी लढाईची रांग दोन ओळींची, खांद्याला खांदा लावून, माणशी साधारण दोन फूट. अधिकारी आणि मागे चालणारे सार्जंट वजा केले तर एका ओळीत 110 ते 120 माणसं. म्हणजे 220 ते 240 फूट, सुमारे 70 मीटर. फुटबॉलच्या मैदानाची रुंदी तेवढीच असते. तेवढ्या रांगेने उतारावरून तीनेकशे यार्ड खाली प्लम रन ओढ्याकडे धाव घेतली, संगिनी लावून. धावत जाताना गोळी भरता येत नाही. स्प्रिंगफील्ड रायफल-मस्केट पुढून भरायची असे: काडतूस दातांनी फाडा, दारू ओता, गोळी गजाने ठासा, बार उडवणारी धातूची टोपी बसवा. शिकलेला शिपाई उभ्याने मिनिटाला तीन गोळ्या झाडू शके. धावताना एकही नाही. म्हणून वाटेत जे पडले ते उत्तर न देता पडले. खाली ओढा ओलांडताना विस्कळीत झालेली विल्कॉक्सची पहिली रांग मागे हटली, आणि मग मिनेसोटाची माणसं ओढ्याच्या पात्रात आडोसा धरून झाडत राहिली. दोन्ही बाजूंनी शत्रूची रांग त्यांच्यापेक्षा लांब होती, त्यामुळे गोळ्या तिन्ही दिशांनी. कुमक पोहोचल्यावर उरलेले वर आले.

215 जण मेले किंवा जखमी झाले, असा जुना हिशेब. 262 मधून 215 गेले तर 47 राहतात. 215 भागिले 262 म्हणजे 82 टक्के. हाच तो प्रसिद्ध आकडा.

दुसरा हिशेब दोन दिवसांचा आणि पूर्ण पलटणीचा. 50 ठार, 173 जखमी, 1 बेपत्ता, एकूण 224. 3 जुलैला सी आणि एफ कंपनीसह पलटण दक्षिणेच्या प्रसिद्ध पिकेटच्या हल्ल्यासमोर उभी होती, त्या दिवशीचे लोकही यात आले. याला भागायला मस्टरवरून काढलेले 330 घेतले तर उत्तर 68 टक्क्यांच्या आत-बाहेर.

चूक कुठे होते पाहा. काही जण 224 ला 262 ने भागतात आणि 85 टक्के काढतात. अंशात दोन दिवस आणि सगळ्या कंपन्या, छेदात एका संध्याकाळच्या आठ कंपन्या. हा आकडा कुठल्याच प्रसंगाचा नाही. उलट 215 ला 330 ने भागून 65 काढणारेही असतात. ते हल्ल्यात नसलेल्यांना हल्ल्यात धरतात. अंश आणि छेद एकाच तासाचे, एकाच कंपन्यांचे हवेत. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

82 की 68, असं विचाराल तर माझा कल 82 ला 'नक्की' न म्हणण्याकडे आहे. कारण असं: हल्ल्यात कॉलव्हिल, लेफ्टनंट कर्नल अॅडम्स आणि मेजर डाउनी तिघेही जखमी झाले. सगळ्यात ज्येष्ठ कॅप्टन नेथन मेसिकने ताबा घेतला, तो दुसऱ्या दिवशी मारला गेला. अधिकृत अहवाल लिहिला तो कॅप्टन हेन्री कोट्सने. म्हणजे हल्ला सुरू होताना ज्याच्या हातात पलटणीची पूर्ण हजेरी होती, त्याने अहवाल लिहिलेलाच नाही. ओढ्याकडे धावण्याआधी कुणी थांबून माणसं मोजली असतील असं धरणं भाबडेपणाचं आहे. पण हल्ल्यात गेलेल्या आठ कंपन्यांचा तोटा पूर्ण पलटणीच्या दोन दिवसांच्या सरासरीपेक्षा जास्त होता, हे उघड आहे.

जाता जाता, सी कंपनीबद्दल. पहाऱ्याला असल्यामुळे ती 2 जुलैच्या हल्ल्यात नव्हती. 3 जुलैला रांगेत आली, आणि तिच्यातल्या मार्शल शर्मन या शिपायाने 28 व्या व्हर्जिनियाचा झेंडा हिसकावला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. झेंडा आजही मिनेसोटाकडे आहे; व्हर्जिनियाने परत मागून पाहिला, दिलेला नाही. 'फर्स्ट मिनेसोटाने हल्ला केला' आणि 'फर्स्ट मिनेसोटाने झेंडा जिंकला' ही दोन वाक्यं शेजारी लिहिली जातात, पण त्यातली माणसं वेगळी होती.

मेले, जखमी, बेपत्ता: रकाने हलतात

लढाईनंतर काही दिवसांत पाठवलेल्या यादीत 'ठार' म्हणजे मैदानावर मेलेला. जखमी होऊन दोन आठवड्यांनी दवाखान्यात मेलेला माणूस त्या यादीत जखमींतच राहतो. नंतरच्या संकलनांत 'ठार आणि जखमांनी मृत' असा एकच रकाना करतात. त्यामुळे एकाच लढाईचे ठार पहिल्या यादीत कमी आणि नंतरच्या यादीत जास्त दिसतात, आणि जखमी तेवढेच कमी होतात. दोन याद्यांतले ठार आणि जखमी उचलून बेरीज केलीत तर तीच माणसं दोनदा मोजाल.

दक्षिणेच्या पलटणींशी तुलना करताना आणखी एक खड्डा. 14 मे 1863 ला दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्यात हुकूम निघाला की ज्या जखमेने माणूस कामावरून जात नाही ती जखम यादीत धरू नये. म्हणजे गेटिसबर्गला दोन्ही बाजूंच्या 'जखमी' या शब्दाची मापं वेगळी होती.

तीन वर्षांची बेरीज: लढाईत ठार आणि जखमांनी मृत 10 अधिकारी, 177 शिपाई, एकूण 187. आजाराने 2 अधिकारी, 97 शिपाई, एकूण 99. दोन्ही मिळून 286. 1,242 च्या हिशेबात 187 म्हणजे 15 टक्के. आता 15 आणि 82 हे दोन्ही आकडे एकाच पलटणीचे खरे असू शकतात, कारण पहिला तीन वर्षांच्या सगळ्या नावांवर मोजलेला फक्त मृत्यूंचा आहे आणि दुसरा एका संध्याकाळच्या ठार-जखमींचा.

या बेरजेत एक गोष्ट उलटी आहे. उत्तरेच्या एकूण सैन्यात लढाईत मेलेल्या प्रत्येकामागे आजाराने मेलेले साधारण दोन होते: हगवण, विषमज्वर, हिवताप, गोवर. शहराबाहेर कधी न गेलेल्यांपेक्षा शेतावरून आलेल्या पोरांना गोवर जास्त बाधे, कारण लहानपणी तो होऊन गेलेला नसे. फर्स्ट मिनेसोटाचं प्रमाण बरोबर उलटं आहे: 187 ला 99. अशी पलटण दिसली की ती लढाईत खूप खर्ची पडली, एवढं तरी त्यावरून समजतं.

1864 नंतर

ऑगस्ट 1863 मध्ये सक्तीच्या भरतीविरुद्धच्या दंगलीनंतर पलटण न्यूयॉर्कला बंदोबस्ताला गेली. सप्टेंबरात परत. 14 ऑक्टोबरला ब्रिस्टो स्टेशनला रेल्वेच्या भरावाआड उभी राहून लढली. तिथे आडोसा त्यांचा आणि उघडं मैदान शत्रूचं, म्हणून तोटा फार नाही. नोव्हेंबरअखेर माइन रन. फेब्रुवारी 1864 मध्ये मिनेसोटाला रवाना, आणि एप्रिलअखेर फोर्ट स्नेलिंगलाच मुदत संपली.

पण सगळ्यांची मुदत एकाच वेळी संपत नाही. 1862 मध्ये तीन वर्षांसाठी आलेला माणूस 1865 पर्यंत बांधलेला. काही जुन्यांनी पुन्हा नाव नोंदवलं. या उरलेल्यांची आणि नव्या भरतीची मिळून 'फर्स्ट बटालियन मिनेसोटा इन्फन्ट्री' झाली, सुरुवातीला फक्त दोन कंपन्यांची. तीच 1864 च्या उन्हाळ्यात पीटर्सबर्गला, पुढे लीने शरणागती पत्करली त्या अपोमॅटॉक्सला, आणि जुलै 1865 मध्ये इंडियानातल्या जेफरसनव्हिलला सुटली. वंशज म्हणा हवं तर, पण नोंदीत ते वेगळं एकक आहे. तिचा तोटा पलटणीच्या 187 मध्ये मिसळू नये.

दुसऱ्या पलटणीवर हीच पद्धत लावायची असेल तर

एक कागद घ्या आणि प्रत्येक लढाईसाठी एक ओळ आखा. तारीख, ताबा कोणाकडे, हजर कंपन्यांची अक्षरं, बाहेर गेलेल्या कंपन्या आणि कुठे, हजर माणसं, मग ठार, जखमी, बेपत्ता, आणि शेवटी अहवाल कुणी व कधी लिहिला. शेवटचा रकाना लोक सोडतात. कोट्सचं उदाहरण वर आलंच.

हजर माणसांसाठी दर दोन महिन्यांचं मस्टर पाहा. पगारासाठी फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर यांच्या शेवटच्या दिवशी हजेरी होई. 30 जून 1863 चं मस्टर गेटिसबर्गच्या आदल्याच दिवशी पडतं, म्हणून त्या लढाईचे आकडे इतर लढायांपेक्षा बरे मिळतात. अँटिटमसाठी जवळचं मस्टर 31 ऑगस्टचं. मधल्या सतरा दिवसांत कूच करताना मागे राहिलेल्यांचा हिशेब त्यात नाही. दुसरी कोअर 29 जूनला एका दिवसात तीस मैलांहून जास्त चालली होती. अशा चालीनंतर मस्टरवर हजर असलेला माणूस रांगेत असेलच असं नाही. त्याच चालीत कॉलव्हिलच्या माणसांनी ओढा पाण्यातून ओलांडण्याऐवजी ओंडक्यावरून ओलांडला, रांग खोळंबली, म्हणून कॉलव्हिलला अटक झाली होती. लढाईआधी त्याला पुन्हा ताबा मिळाला. मस्टरवर असा अधिकारी 'हजर, अटकेत' असाही लिहिलेला असू शकतो.

एकेका शिपायाची सेवानोंद ही मूळ कागद नव्हे. 1890 च्या दशकात पेन्शनचे दावे तपासायला सरकारने मस्टरवरून एकेका नावाची कार्डं लिहून काढली, ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. प्रत्येक कार्ड एका मस्टरचं. 'हजर' म्हणजे पगाराच्या दिवशी हजर. तो माणूस स्वयंपाकी, गाडीवान किंवा दवाखान्यात मदतनीस म्हणूनही हजर असेल. 'पळून गेला' हा शेरा लगेच खरा मानू नका. दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हलवलेल्याचा कागद पलटणीपर्यंत पोहोचला नाही की कंपनीचा कारकून तोच शेरा मारी, आणि पुढे कित्येकांचा तो खोडलेला आहे. पुढची दोन-तीन कार्डं पाहिल्याशिवाय कुणालाही पळपुटा ठरवू नये. नावांची स्पेलिंग कानावरून लिहिलेली. मिनेसोटात जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोक पुष्कळ, त्यामुळे एकच माणूस तीन स्पेलिंगांनी सापडतो. कंपनीचं अक्षर आणि दाखल्याची तारीख जुळवा, स्पेलिंग नंतर.

आणि शोधताना फक्त 'फर्स्ट मिनेसोटा' एवढंच टाकू नका. फर्स्ट मिनेसोटा लाइट बॅटरी हा तोफखाना एप्रिल 1862 मध्ये शायलोच्या लढाईत होता, फर्स्ट मिनेसोटा हेवी आर्टिलरी आणखी वेगळी, आणि वर आलेली बटालियन तिसरी. शायलोच्या यादीत 'फर्स्ट मिनेसोटा' सापडली तर ती तोफखान्याची. ही पायदळ पलटण त्या दिवशी व्हर्जिनियात यॉर्कटाउनच्या वेढ्यात होती.